चार जण उचलतील

९ नोव्हेंबर

आज पुण्याहून फोन आला. कलेवरचं एक पाक्षिक आहे, त्याचे संपादक शेखर सर बोलत होते. नव्या सदरात चित्रकार आपल्या शहरातल्या आवडत्या जागा दाखवणार. चार चित्रं काढायची आणि प्रत्येकाखाली थोडं लिहायचं.

"तुमची हिंजवडी आम्हाला हवी आहे."

"मी माणची आहे, सर."

"हो, म्हणजे तेच ते."

तेच ते नाही. हिंजवडी माणमध्ये घुसली, माण कुठं गेलं नव्हतं. पण फोनवर भांडले नाही. 'हो' म्हणून टाकलं आणि रंगांची पेटी शोधायला लागले. सापडेना. आईनं ती माळ्यावर टाकलेली! ब्रश धुऊन, टोकं सरळ करून, जुन्या सुती साडीच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले. म्हणते, "खाली उंदरं व्हती." मार्चमध्ये डंपरनं माझा पाय नेला, गुडघ्याखालून, उजवा. हात नेले नाहीत. हे या घरात कुणाला सांगायचं?

सगळे माझ्या वतीनं परस्पर ठरवतात. खालची खोली भाड्यानं होती, ओडिशाची दोन मुलं राहायची. पप्पांनी त्यांना वर पाठवलं आणि मला खाली आणलं. कपाट हलवावं तसं. दाराचा उंबराही काढून टाकलाय. विचारलं मला?

फोन ठेवल्यावर कागदावर चार जागा लिहिल्या. मग लक्षात आलं, दवाखाना सोडून मी आठ महिन्यांत कुठंच गेलेले नाही.

१३ नोव्हेंबर

विकीच्या रिक्षातून शेजारच्या चांदे गावी गेले.

विकी आमच्या आळीतला, पहिलीपासून माझ्या वर्गात होता. उरवड्याच्या कंपनीत पर्मनंट होता. पप्पांच्याच कंपनीत. जूनमध्ये नोकरी सोडली आणि जुनी रिक्षा घेतली. कशाला, तर म्हणे "सुपरवायझर डोक्यात जायला लागला." असल्या कारणानं कुणी पर्मनंट नोकरी सोडतं? डोकं ठिकाणावर नाही. रिक्षातही काय काय करून ठेवलंय. चढायच्या बाजूला लोखंडी कडी वेल्ड केली, पायरी खाली घेतली, मागची सीट एका बाजूनं कापून कुबड्या उभ्या राहतील अशी खाच पाडली. "म्हाताऱ्या पॅसिंजरसाठी," म्हणाला. माणमध्ये रिक्षानं फिरणाऱ्या म्हाताऱ्या आहेत किती?

चांद्याची माझी जागा म्हणजे म्हशींचं डबकं. इमारतींच्या मधे एक तुकडा अजून विकलेला नाही, तिथं दुपारी म्हशी बसतात. पाण्यात काचेची उंच इमारत उलटी दिसते, म्हैस हलली की अख्खे मजले हलतात. कॉलेजात असताना इथं बसून मी पहिल्यांदा पाणी काढायला शिकले.

रस्त्याच्या कडेला विकीनं घरची खुर्ची मांडून दिली. पहिला हात मारला होता, निळा-करडा, अगदी हवा तसा उतरला होता. तेवढ्यात एक मोटरसायकल हळू झाली आणि त्या माणसानं माझ्या उघड्या पेटीत नोट टाकली. माझ्या अंगावर, कुबड्यांवर एक नजर टाकली, कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि गेला.

नोट ओल्या रंगाला चिकटली. मी विकीला म्हटलं, "परत दे त्याला." तो पळाला. खरंच पळाला, रिक्षा घेऊन जायचं सोडून पायी, चपला हातात घेऊन, थेट चौकापर्यंत. किती वेळ आला नाही. आला तेव्हा शर्ट भिजलेला, एक बोट सोललेलं.

"दिली. चित्रकार हाय म्हनलं ती. माफी मागितली त्यानं."

"आणि बोटाला काय झालं?"

"काय न्हाई, पडलो."

तोवर माझा पहिला हात वाळून डाग पडले होते. त्याच्यावर ओरडले. मदतीला माणूस आणायचा आणि तो ऐन वेळी गायब! चित्र पुन्हा करावं लागणार.

२१ नोव्हेंबर

उरवडे. कंपनीच्या गेटवर पहिली पाळी सुटताना जो लोंढा बाहेर येतो, तो मला कुठल्याही देखाव्यापेक्षा आवडतो. बायका ओढण्यांनी तोंडं बांधतात, डब्याच्या पिशव्या काखेला मारतात, कुणाचा पिवळा, कुणाचा राणी रंग, आणि मागं तो राखाडी पत्रा. पप्पांचा डबा द्यायला लहानपणी यायचे तेव्हापासूनची जागा.

नशीब चांगलं होतं. गेटसमोर नेहमी गाड्यांची गर्दी असते, आज एकही लावलेली नव्हती. वॉचमननंही हटकलं नाही. बायका नेहमीसारख्या घाईनं पळाल्या नाहीत, रमतगमत बाहेर पडल्या, त्यामुळे मला चेहरे नीट पकडता आले.

फक्त पप्पा. तेही त्याच पाळीत होते. सगळे बाहेर आले, तरी ते आतच, पत्र्याच्या कडेला उभे. मी पाहिलं त्यांना. ओळख दिली नाही. माझी पेटी बंद झाल्यावरच बाहेर आले. घरी आल्यावर मी विचारलं, "लाज वाटते का माझी, लोकांसमोर?"

पप्पा खाली मान घालून जेवत राहिले. आई मात्र म्हणाली, "काय बोलतीयास गं तू?" मी खरं तेच बोलले.

२८ नोव्हेंबर

विकी मला कुठंही नेताना लांबून नेतो. गॅस फुकट येतो का? आज विचारलं तर म्हणे मधल्या रस्त्यावर खोदकाम चाललंय. मी हट्टानं त्याच रस्त्यानं न्यायला लावलं. खोदकाम नव्हतं.

"काल व्हतं," म्हणाला, आणि मान खाली.

त्या वळणावर मी रिक्षा थांबवायला सांगितली. मार्चमध्ये इथंच. शाळेची भिंत रंगवून स्कूटीवरून येत होते, डबा आणि ब्रश पुढं अडकवलेले. डंपर उलट्या बाजूनं आला. मला वाटलं होतं जागा बघून चक्कर येईल, रडू येईल. आला तो संताप. तिथं काहीही बदललेलं नाही! ना गतिरोधक, ना फलक, आणि मी बघत असताना दोन डंपर तसेच उलट्या बाजूनं गेले. एकाच्या ड्रायव्हरनं मला हॉर्न दिला. मला!

मी खुर्ची काढायला लावली. "हितं?" विकी म्हणाला. "हितंच." ठरवून टाकलं, ही पण माझी जागा. आवडती नसेल, पण माझी आहे. कुठल्याही चित्रकाराकडे नसेल इतकी माझी आहे.

धूळ कागदावर बसत होती, ती तशीच रंगात मिसळली. पण विकीनं वैताग आणला. सारखा माझ्या आणि रस्त्याच्या मधे येऊन उभा राहायचा. हात पसरून, ट्रॅफिक पोलिसासारखा. "बाजूला हो, दिसत नाही मला," तीनतीनदा सांगितलं. एक पाऊल सरकायचा आणि गाडीचा आवाज आला की पुन्हा तिथंच. शेवटी चित्रात त्याची पाठ आली. खोडायला गेले तर कागद फाटायला लागला, म्हणून ठेवली.

३ डिसेंबर

चौथी जागा गावामागची टेकडी. वरून एका बाजूला कौलं दिसतात, एका बाजूला काचा. आणि मधे आमच्या विहाराचा पांढरा घुमट, अंगठ्याच्या नखाएवढा. शाळा बुडवून मी तिथं चित्रं काढायचे.

पप्पा आणि विकी सकाळी समोर येऊन उभे राहिले. खुर्चीला बांबू बांधून मला वर नेणार म्हणे. दोघं आधी रिकामी खुर्ची वर नेऊन रस्ता बघून आले होते. मी एवढी भडकले की आवाज वरच्या भाडेकरूंपर्यंत गेला. मी काय सिमेंटचं पोतं आहे? मला वर जायचंय ते माझ्या पायानं, आणि तो नाही. जखम अजून ओली आहे, नवा पाय बसायला उन्हाळा उजाडेल असं डॉक्टर म्हणतात. तोवर टेकडी खालूनच. खालून कधी काढलीच नव्हती. पाठमोऱ्या माणसासारखी दिसते.

चित्राखाली लिहिलं: 'ही माझी सगळ्यात आवडती जागा. मी आता तिथं जाऊ शकत नाही. तुम्ही जा, आणि वरून काय दिसतं ते मला येऊन सांगा.'

चारही चित्रं आणि मजकूर पाठवून दिला. मग नेहमीचा किडा डोक्यात शिरला. दहा वर्षं मी चित्रं काढतेय. शाळांच्या भिंती, मुलांच्या पुस्तकांतली चित्रं, जयंतीचे बॅनर. तेव्हा या पाक्षिकाला मी दिसले नाही. आता बरी दिसले. चित्र बघून फोन केला की पाय बघून?

आक्काबाईला विचारलं. आक्काबाई पप्पांची आत्या, ऐंशीच्या पुढची, आमच्याकडेच असते. तिच्याकडे गुळगुळीत उत्तर मिळत नाही.

"पाय व्हता तवा तुजी चित्रं कुनी इचारली व्हती का?"

"नाही."

"मग आता पाय बगूनच बोलावलंय. त्यात काय इचारायचंय?"

मी ब्रश पुसायला घेतले.

"बोलावलंय तर जा. तितं ग्येल्यावर त्यानला चित्र बगाया लाव. न्हाई बगितलं तर ये उठून. लई इचार करतीस तू."

रागानं जेवले नाही. मग जेवले.

९ डिसेंबर

पाक्षिकाकडून सुधारलेला मजकूर आला.

मथळा: 'एका पायावर उभं असलेलं स्वप्न'. उरवड्याचं गेट कापलं, 'रूक्ष वाटतं' म्हणून. वळणाचं चित्र कापलं, 'वाचक अस्वस्थ होतील' म्हणून. त्यांच्या जागी माझे फोटो हवेत, कुबड्यांसह, टेकडीकडे बघताना, शक्य तर सूर्यास्त. आणि टेकडीखाली माझ्या नावावर छापायचं वाक्य: 'एक दिवस मी पुन्हा तिथं पोहोचणारच!' उद्गारचिन्ह त्यांचंच.

मी फोन लावला.

"सर, हे वाक्य मी लिहिलेलं नाही."

"भावना तीच आहे ना, मोनिकाताई. थोडी पॉझिटिव्ह केली."

"भावना ती नाही. मी लिहिलंय की मी जाऊ शकत नाही, तुम्ही जा."

"अहो पण वाचकाला त्यातून प्रेरणा काय मिळणार?"

"मी प्रेरणा देते असं कुणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही जागा विचारल्या होत्या. इतर चित्रकारांच्या मजकुराला तुम्ही 'दोन पायांवर उभं असलेलं स्वप्न' असं नाव दिलंय का?"

मग म्हणाले, "तुम्ही चिडलात. मी समजू शकतो, तुमच्या परिस्थितीत..."

"माझी परिस्थिती अशी आहे की चार चित्रं मी काढली आणि दोन तुम्ही फेकलीत. कुठल्याही परिस्थितीतला माणूस चिडेल. छापायचं तर जसंच्या तसं छापा. नाहीतर चित्रं परत पाठवा."

ठेवला फोन. आई दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. मला वाटलं रडतेय. हसत होती. माझं मेलं इथं सगळं जळतंय आणि हिला हसू सुचतंय.

१८ डिसेंबर

छापतायत. चारही चित्रं, माझा मजकूर, मथळा नुसता 'माण, चांदे, उरवडे'. शेखर सरांचा निरोप कोरडा होता, पण आला. नव्या वर्षात पुण्यात सदराचा कार्यक्रम आहे, सभागृहात. पडद्यावर चित्रं दाखवून प्रत्येक चित्रकारानं बोलायचं. मी विचारलं, व्यासपीठावर चढायला उतार आहे का? पायऱ्या मला जमत नाहीत, एवढा वेळ कुबड्याही झेपत नाहीत, व्हीलचेअरवर असेन.

"सगळी व्यवस्था आहे, ताई. निश्चिंत राहा."

राहिले.

५ जानेवारी

कालचं लिहायचं आहे. काल हातच चालेना.

आई, पप्पा, आक्काबाई आणि मी दाटीवाटीनं विकीच्या रिक्षातून गेलो, घडीची व्हीलचेअर मागं बांधून. सभागृहाच्या गेटवर वॉचमननं रिक्षा आत घेऊ दिली नाही, म्हणून विकी आम्हाला सोडून जागा शोधायला गेला. आत माणसं बरीच होती. पुढं व्यासपीठ, त्यावर पाहुण्यांसाठी मखमली सोफे, फुलं. आणि चढायला पायऱ्या. दोन्ही बाजूंना पायऱ्याच.

"उतार कुठाय?" मी शेखर सरांना विचारलं. फोनवरच्या आवाजापेक्षा वयानं लहान निघाले, चेहऱ्यावर घाम.

"व्यवस्था आहे ना." त्यांनी हात केला. आयोजकांचे टीशर्ट घातलेली चार मुलं माझ्याकडे बघून हसत उभी होती. "चार जण उचलतील. दोन मिनिटांचा प्रश्न आहे."

"चार जणांनी उचलायला मी अजून मेलेले नाही, सर."

आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. सर माझ्या कानाशी वाकले, "सगळे वाट बघतायत. प्लीज, आज नको."

"मग कधी? मी तुम्हाला आधी विचारलं होतं. मी वर येणार नाही. खालून बोलेन."

"पण लोक तिकडं तोंड करून बसलेत. तुम्ही दिसणार नाही कुणाला."

खरं होतं. माझी व्हीलचेअर कडेच्या दाराजवळ, रांगांच्या निम्म्यावर. माईकची वायर तिथवर कशीबशी पोचली. निवेदिकेनं माझं नाव घेतलं, 'काही तांत्रिक अडचणीमुळे' म्हणाली. तांत्रिक अडचण म्हणजे मी. पडद्यावर चांद्याच्या म्हशी आल्या. मी बोलायला लागले आणि माझाच आवाज मला कुठून तरी लांबून ऐकू आला. समोर नुसत्या पाठी आणि वळलेल्या माना. कुणी अर्धवट वळून बघायचं, अवघडायचं, पुन्हा पुढं. दोन वाक्यांनंतर मी थांबले. वाटलं, उचलू दिलं असतं तर काय बिघडलं असतं? दोन मिनिटं डोळे मिटले असते.

तेवढ्यात खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा कर्कश आवाज आला. आक्काबाई. तिसऱ्या रांगेतून उठली होती आणि आपली खुर्ची दोन्ही हातांनी ओढत वळवत होती. निवेदिका म्हणाली, "आजी, काय झालं? बसून घ्या."

"बसतीयाच की. पोरगी हिकडं हाय, मी तिकडं बगून काय करू?"

खुर्ची पूर्ण माझ्याकडे फिरवून ती बसली, काठी मांडीवर आडवी. व्यासपीठाकडे पाठ. मग पप्पा उठले. आमचे पप्पा, जे चारचौघांत तोंड उघडत नाहीत, त्यांनी आपली खुर्ची वळवली, आईची वळवली आणि शेजारच्या अनोळखी बाईंना विचारलं, "वळवू का तुमची?" त्या बाई हसल्या, उठल्या. मग त्यांच्या मागची रांग. मग कुठून कुठून आवाज यायला लागले, नुसती घासाघीस, सगळं सभागृह करकरत होतं. सोफ्यांवरच्या पाहुण्यांपुढं पाठी उरल्या. त्यांतले एक वृद्ध गृहस्थ उठून पायऱ्या उतरून खाली आले आणि जागा बघून बसले. बाकीचे वरच राहिले.

मग मी बोलले. डबकं, गेट, वळण, टेकडी. गेटचं चित्र आलं तेव्हा पुढच्या एकीनं विचारलं, या बायका इतक्या निवांत कशा चालल्यात? मी म्हटलं, त्या दिवशी कोण जाणे, निवांत होत्या. पप्पा आपल्या बुटांकडे बघत होते. वळणाच्या चित्राला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तेच हवं होतं. कुणीतरी मागून विचारलं, "तो पाठमोरा माणूस कोण आहे?"

"विकी," मी म्हटलं. "मधे मधे येत होता."

लोक हसले. आक्काबाई हसली नाही. माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुढचं वाक्य विसरले.

कार्यक्रम संपल्यावर विकी आत आला, तेव्हा लोक चहाकडे गेले होते. सगळं चुकलं त्याचं. मी वॉचमनच्या नावानं ओरडणार, एवढ्यात तो म्हणाला, "मी मागच्या अंगाला लावली रिक्षा. तितनं आत येता येतंय की. उतार हाय."

"कसला उतार?"

"सिमेंटचा. स्टेजच्या मागं. डेकोरेटरची मानसं सोफे तितनंच वर न्हेत व्हती. काम झालं नि वरच्या दाराला कुलूप लावलं."

मी शेखर सरांना हाक मारली. ते आले, ऐकलं आणि म्हणाले, "मला खरंच माहीत नव्हतं." मला वाटतं खरंच माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणाला. सोफे जड होते, म्हणून सोफ्यांसाठी कुणीतरी विचारलं. मला उचलता येत होतं.

"किल्ली मागवा," मी म्हटलं.

"आता? कार्यक्रम तर संपला."

"मागवा."

किल्ली आली. मागच्या अंगणातून, मंडपाच्या कापडांच्या गठ्ठ्यांमधून गेले. विकी माझ्या मागं, हात पुढं धरून चालत होता, ढकलायला नाही, नुसता. हातांनी चाकं फिरवत मी एकटी वर गेले. उतार बेताचा होता. दम लागला, पण गेले.

व्यासपीठ रिकामं होतं. समोर खुर्च्या, सगळ्या कडेच्या दाराकडे तोंड केलेल्या, काही आडव्या, काही एकमेकींना अडकलेल्या. मी मांडीवरच्या पिशवीतून कागद काढला, पेटी उघडली. सोफ्यावर पाण्याची वाटी ठेवली, मखमलीवर. वॉचमन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा दिव्यांच्या बटणांपाशी उभा राहिला.

"ताई, बंद करायचंय हॉल."

"थांबा," मी म्हटलं. "रंग ओला आहे."